घोडी म्हणजे माठ नव्हे

ताई गेली तो मंगळवार होता. सकाळी तिने घोडीला पाणी दाखवलं, चहा घेतला आणि ओट्यावर बसली. मी पेपर घेऊन बाहेर आलो. ती बसलेलीच होती. मी हाक मारली. घोडीने मान वर केली. ताईने केली नाही.

हे लिहायला मला वेळ लागतो आहे. एक परिच्छेद लिहून मी गोठ्यात जाऊन येतो. परत येईपर्यंत पुढचं वाक्य कधी सुचलेलं असतं, कधी नसतं.

ताई माझ्याहून मोठी. सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे शहापूरपासून मुरबाडपर्यंत सगळे तिला सिस्टर म्हणत. तिचे यजमान लवकर गेले आणि माझं लग्न राहूनच गेलं. दोघं निवृत्त झालो तेव्हा वडिलांच्या घरी गावाला येऊन राहिलो. मी मुरबाडच्या शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे मला पुस्तकं पुरत. तिला मात्र कोणीतरी आजारी लागायचं. गावातलं कोणी आजारी नसलं तर ती माझी जीभ बघायची.

मग एका मे महिन्यात घोडी आली.

मुरबाडच्या रस्त्यावर एक फार्महाऊस होतं. शनिवार-रविवारी तिथे मुंबईचे पाहुणे येत आणि घोड्यावर बसून फेरी मारत. ताई शेअर जीपमधून घरी येत होती. भर दुपारी रस्त्याच्या कडेला एक घोडी पाय फाकवून उभी दिसली. नाकपुड्या फुललेल्या, कुशी भात्यासारख्या हलणाऱ्या, मानेवर साबणासारखा फेस. पाठीवर एक पाहुणा बसलेला होता आणि स्वतःचा फोटो काढत होता.

ताईने जीप थांबवली. "उतर रे खाली."

"मॅडम, माझी राइड बाकी आहे."

"बाकी असेल ती तिला पाठीवर घेऊन पूर्ण कर."

तो उतरला. शेजारी एका बाईचं ताडगोळ्यांचं दुकान होतं. तिच्या माठाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं. ताईने ते सोडून घोडीच्या पाठीवर टाकलं, माठातलं पाणी तिच्या मानेवर ओतलं आणि तिला आंब्याच्या सावलीत नेलं. तासाभराने घोडीने कान हलवले. फार्महाऊसचा मालक आला, त्याने कपाळावर हात मारला. "सिस्टर, ही उन्हात चालतच नाय. घेऊन जायची तर जा." त्याने हे चिडून म्हटलं होतं. ताईने ते खरं मानलं.

मी ओट्यावर वाचत बसलो होतो. जीपने यायची ती चालत आली, मागे घोडी.

"हे काय?" मी म्हणालो.

"पेशंट."

"किती दिवस?"

"कंडिशन बघून सांगते."

घोडीचं तेच नाव पडलं. पुढे ती चांगली धडधाकट झाली, लाथा मारण्याइतकी बरी झाली, तरी पेशंटच राहिली. गावात कोणी "पेशंट कशी हाय?" असं विचारलं की ते माझ्याबद्दल नसे.

गुरांचे डॉक्टर शहापूरहून येत. ते म्हणाले, हिला रोज फिरवायला हवं, बसून राहिली तर बिघडेल. ताईने हे प्रिस्क्रिप्शन मानलं आणि वयाची साठी उलटल्यावर घोड्यावर बसायला शिकली. पहिले काही दिवस ती डाव्या बाजूने चढायची आणि उजव्या बाजूने उतरायची, उतरणं तिच्या हातात नसायचं. समोरची काकू अंगणातून बघायची. ही काकू आमच्या नात्याची नाही, पण गावात ती सगळ्यांचीच काकू.

"गो बाय, ह्या वयात घोडीवं? नवरदेव कुठं हाय?"

"घोडी आधी मिळाली गो. नवरदेव शोधतेय. तुझा रिकामा हाय काय?"

"ने की! पन संध्याकाळचा परत आन, त्याला गोळ्या असत्यात."

ताई सकाळी तानसा तलावाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्याने जाऊन येई. परत आली की खोगीर उतरवायची, घोडीच्या जबड्याखाली बोटं ठेवून नाडी बघायची. मग दोरी बांधलेला थर्मामीटर शेपटीखाली. ह्या वेळी मी घरात जाऊन काहीतरी शोधत असे.

ताप बघून झाला की उपचार. आणि उपचारांबाबत ताईचा एक सिद्धांत होता. त्या दिवशी घोडी गोणपाटामुळे वाचली, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. माठ कशाने गार होतो? ओल्या फडक्याने. मग घोडी का होणार नाही? तिने चांगली जाड गोणपाटं आणली, उसवून एकाला एक शिवली, गळ्यापासून शेपटीपर्यंत घोडीचा एक झगा बनवला. फेरीवरून आली की भिजवलेला झगा अंगावर. घोडी त्यात उभी राहिली की रेशनच्या दुकानातला माल चार पायांवर निघाल्यासारखा दिसायचा.

तरी घोडीचा ताप उतरायला वेळ लागे. ताईला वाटलं, गोणपाट कमी पडतंय. तिने आणखी एक थर शिवला.

एकदा डॉक्टर अचानक आले. त्यांनी झग्याखाली हात घातला आणि पटकन काढला.

"सिस्टर, आत वाफ झालीय. हे तुम्ही कशासाठी घातलंय?"

"गार राहायला. माठासारखं."

"घोडी म्हणजे माठ नव्हे हो. माठाच्या आत चूल नसते. हिच्या आत आहे. पाणी अंगाची उष्णता घेतं नि तापतं, तुमचं गोणपाट ते गरम पाणी धरून बसतं. वाराही लागू देत नाही."

"पण त्या दिवशी वाचली ती गोणपाटामुळंच."

"गोणपाट असून वाचली. तुम्ही माठ रिकामा केलात म्हणून वाचली."

ताईने स्वतः झग्याखाली हात घालून बघितला. मग तिने विचारलं, "म्हणजे करायचं काय?"

"ओतायचं. मान, खांदे, पोट, मांड्यांच्या मध्ये. ओतत राहायचं, थांबायचं नाही. आणि वारा द्यायचा. बस."

"गरम अंगावर गार पाणी ओतलं तर लकवा मारतो म्हणतात."

"म्हणतात. मी अजून पाहिला नाही."

झगा त्या दिवशी उतरला. आता दोन प्रश्न होते, पाणी आणि वारा.

पाण्याचा प्रश्न सोपा नव्हता. तानशाचं पाणी आमच्या शेजारून मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या गावात टँकर येतो. ज्या गावात बाया हंड्यामागे रांग लावतात तिथे घोडीला रोज बादल्यांनी अंघोळ घालणं बरं दिसत नाही. ताईने परसात केळींच्या वरच्या अंगाला एक चौथरा बांधला. घोडी चौथऱ्यावर उभी राहायची, तिच्या अंगावरून उतरलेलं पाणी पाटाने केळींना जायचं. आमचं अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी आधी घोडीला, मग केळींना. साबण मात्र ताईने घरातून हद्दपार केला. मी वर्षभर शिकेकाई आणि रिठ्याने धुतलेले शर्ट घातले. काकू म्हणायची, "मास्तरांच्या अंगाला लग्नघराचा वास येतो."

वाऱ्यासाठी तिने आधी कूलर आणला. वाळ्याच्या ताट्यांचा, मोठा, शहापूरच्या बाजारातून. गोठ्यात लावला, चालू केला, वाळ्याचा गार वास दरवळला. आम्ही दोघं समाधानाने जेवायला गेलो. परत आलो तर घोडीने कूलरची एक बाजू खाल्लेली होती आणि दुसरीकडे वळत होती.

"गारवा तिने आतून घेतला," मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी घरात जाऊन काहीतरी शोधू लागलो.

शेवटी काकूने उपाय काढला. तिच्या पडवीत भात उफणायचा हाताने फिरवायचा पंखा पडून होता. लोखंडी पाती, भोवती पत्र्याची पेटी, बाजूला दांडा. आता मळणी यंत्रातच उफणून येतं, त्यामुळे त्याला कोणी विचारत नव्हतं. ताईने तो उचलून आणला. घोडीला नखशिखान्त भिजवलं, पंखा समोर ठेवला आणि मला म्हणाली, "फिरव."

मी फिरवला. पेटीत कोणत्या वर्षीची कोणास ठाऊक, भाताची फोलपटं साठलेली होती. ती सगळी एका दमात उडाली आणि ओल्या घोडीला चिकटली. घोडी जागच्या जागी स्तब्ध झाली. कानापासून खुरापर्यंत, रव्यात घोळवून तव्यावर सोडायला तयार ठेवलेल्या बोंबलासारखी. डोळे तेवढे काळे. ताई चौथऱ्यावर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणलं. तिने ते घोडीवर ओतलं.

पंखा चालला. ताप लवकर उतरू लागला. तेव्हापासून माझं काम ठरलं.

"तुला वाचायला एक हात पुरतो," ताई म्हणाली. "दुसरा दांड्याला लाव."

तसं मी केलं. सकाळी ती पाणी ओतायची, मी डाव्या हातात पुस्तक आणि उजव्या हाताने पंखा. काही दिवसांनी ताईच्या लक्षात आलं की वारा एकसारखा लागत नाही. गोष्ट रंगात आली की पंखा जोरात फिरायचा, निसर्गवर्णन आलं की मंदावायचा. घोडीच्याही ते लक्षात आलं असावं. सूर्यास्त लांबला की ती मान पुढे करून पुस्तकाला नाक लावायची. ताई म्हणायची, "पान उलट रे. पेशंटला कंटाळा आला." मी शेवटी उन्हाळ्यात फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचायचं ठरवलं. इतकी वर्षं मुलांना शैली शिकवलेल्या माणसाने, घोडीसाठी.

ताई भात कापणीच्या दिवसांत गेली. पुण्यानुमोदनाच्या विधीला गाव भरून माणसं आली. ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कल्याणला राहतो. सगळे गेल्यावर तो माझ्याजवळ बसला. घोडी गोठ्यातून आमच्याकडे बघत होती.

"मामा, हिचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"तुम्ही हिच्या जवळपण जात नाय. आई होती तोवर ठीक. उद्या उन्हात हिला काय झालं, तर तुम्ही काय करणार, कविता वाचणार?"

"कविता चालत नाही तिला," मी म्हणालो. त्याला ती विनोद करायची वेळ वाटली नाही.

कल्याणला त्याच्या ओळखीचा एकजण होता, लग्नाच्या वरातीला घोड्या देणारा. तो न्यायला तयार होता. वरातीची घोडी म्हणजे मे महिना, जरीची झूल, बँडबाजा, आणि पाठीवर एक भरलेला नवरदेव. मी नाही म्हणालो. पण माझं नाही म्हणणं फार हळू आवाजात असतं, लोकांना ते 'विचार करतो' असं ऐकू येतं. भाच्याने मधला मार्ग काढला. "जयंतीपर्यंत बघू. मिरवणूक नीट पार पडली तर तुमची. नायतर मी त्याला बोलावतो. तुमच्यासाठीच बोलतोय, मामा."

एप्रिलातल्या जयंतीला आमच्या वाडीतून मिरवणूक निघते. बुद्धविहारापासून नाक्यापर्यंत आणि परत. पुढे निळे झेंडे, मागे ट्रकवर गाणी. घोडी आल्यापासून ताई सर्वांत पुढे, पांढरी साडी नेसून, घोडीवर. तिची अट एकच होती, ऊन चढायच्या आत परत यायचं. ह्या वर्षी भाच्याची मुलगी बसणार होती. ती कॉलेजात आहे. सुट्टीत आजीकडे येऊन तिने शिकून घेतलं होतं आणि आजीपेक्षा चांगली उतरायची.

तयारी म्हणून मी ताईचा थर्मामीटर नातीला दिला आणि पंखा मिरवणुकीबरोबर खुर्च्या वाहणाऱ्या टेम्पोत चढवला. समितीचे अध्यक्ष, माझ्याच वयाचे गृहस्थ, बघत राहिले.

"मास्तर, मिरवनुकीत भात उफनायला निघालाव काय?"

"असू द्या."

"मंग सूप पन घ्या. आनि काकूला."

सकाळी सगळे तयार होते. नात पांढरा ड्रेस घालून, डोक्याला निळा फेटा बांधून घोडीवर बसली. फक्त प्रमुख पाहुणे आले नव्हते. ते नाशिक हायवेला ट्रॅफिकमध्ये अडकले होते. आता येतील, मग येतील. मी अध्यक्षांना दोनदा सांगितलं की ऊन वाढतंय, घोडीला पुढे जाऊ द्या. दोन्ही वेळा ते म्हणाले, "विचार करतो."

पाहुणे आले तेव्हा सावल्या पायाखाली गेल्या होत्या. मिरवणूक निघाली. डांबर पायाला चटके देत होतं. मी घोडीच्या बाजूने छत्री धरून चालत होतो, छत्री घोडीवर. जाताना ती ठीक होती. नाक्यावरून वळल्यावर मानेवर फेस दिसला. हापशाजवळ आलो तेव्हा तिने पाय फाकवले आणि उभी राहिली. नाकपुड्या फुलल्या, कुशी हलू लागल्या. ताईने जीप थांबवली त्या दिवशी अशीच उभी असणार.

"मामाआजोबा," नात वरून म्हणाली, "ही चालत नाय."

"उतर. खोगीर काढ."

मागे ट्रकवरची गाणी चालूच होती, माणसं नाचत पुढे येत होती. भाचा गर्दीतून माझ्याकडे बघत होता. हापसा होता, पण आमच्या हापशाला एप्रिलात वारा येतो, पाणी येत नाही. मी आयुष्यात वर्गातसुद्धा आवाज चढवला नाही. मागच्या बाकांवरच्या मुलांनी माझं मराठी ओठांच्या हालचालींवरून शिकून घेतलं असणार. मी ट्रकवर चढलो, पाहुण्यांसाठी ठेवलेला माइक घेतला आणि ओरडलो.

"थांबा! पेशंट सिरियस आहे! पाणी आणा!"

गाणी बंद झाली. पेशंट कोण हे आमच्या गावात कोणाला विचारावं लागत नव्हतं.

पण जागचं कोणी हललं नाही. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता, घराघरांत हंड्यांच्या तळाशी काय उरलंय ते प्रत्येक बाईला माहीत होतं. कोणीतरी म्हणालं, "मान्सांना पानी नाय नि घोडीला अंगोळ!" ते खोटं नव्हतं. अध्यक्ष खालून म्हणाले, "मास्तर, गरम अंगावं थंड पानी टाकू नका. लकवा मारंल."

मी ट्रकवरून उतरलो, माइक हातात तसाच.

काकू लगबगीने घरी गेली. कळशी घेऊन आली, भरलेली.

"माझ्या नातवाची नाळ सिस्टरनं कापलीय," ती अध्यक्षांना म्हणाली. "नि तुमच्या नातवाची बी. सरका." मग माझ्याकडे कळशी केली. "घ्या मास्तर, वता. आनि माइक सोडा हातातला, शॉक बसंल."

मी मानेवर ओतली. दुसऱ्या बाईने हंडा आणला. सरबताच्या टेबलावरचं पाण्याचं पिंप दोघांनी उचलून आणलं. खांदे, पोट, मांड्यांच्या मध्ये. कोणीतरी सवयीने ओली गोणी आणून घोडीच्या पाठीवर टाकली. नातीने ती उचलून रस्त्याकडेला फेकली आणि म्हणाली, "घोडी म्हणजे माठ नव्हे." हुबेहूब ताईचा आवाज. तिला ते डॉक्टरांचं वाक्य आहे हे माहीतसुद्धा नव्हतं.

मी टेम्पोतून पंखा उतरवून घेतला आणि दांडा धरला. हिवाळ्यात काकूने तो बियाण्याचं भात उफणायला नेला होता, पण पेटी मी आदल्या दिवशी स्वच्छ केली होती असं मला वाटत होतं. फोलपटं उडाली. घोडीला चिकटली, नातीच्या फेट्याला चिकटली, अध्यक्षांच्या मिशांना चिकटली. पहिल्यांदा काकू हसली, मग सगळेच. पाहुणे ट्रकवरून उतरून हळूच घोडीच्या मागे येऊन उभे राहिले, कारण वारा तिथे लागत होता.

मी फिरवत राहिलो. नात थर्मामीटर लावत होती आणि मी दुसरीकडे बघत होतो. हात भरून आला तेव्हा भाच्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि दांडा घेतला. थोड्या वेळाने तो धापा टाकत म्हणाला, "मामा, हे आई रोज करायची?"

"नाही. ती पाणी ओतायची. पंखा माझ्याकडे."

"रोज?"

"रोज. एका हाताने. दुसऱ्या हातात पुस्तक असायचं."

तो पंखा जोरात फिरवू लागला.

"उतरतोय," नात म्हणाली. पाणी अजून येतच होतं. पुन्हा थर्मामीटर. "आजोबा, उतरला." घोडीने कान हलवले, मान खाली केली आणि पाहुण्यांच्या हातातलं सरबत पिऊन टाकलं.

मिरवणूक पुढे गेली. आम्ही घोडीला झाडाच्या सावलीतून हळूहळू चालवत घरी आणलं. मागून पाहुण्यांचं भाषण ऐकू येत होतं. संध्याकाळी भाचा ओट्यावर बसला, दंडाला मलम चोळत.

"त्या कल्याणवाल्याला फोन केला," तो म्हणाला.

मी पुस्तक खाली ठेवलं.

"सांगितलं त्याला, नाय जमणार. आमच्या घोडीला कोणी वाचत बसल्याशिवाय वारा लागत नाय. तुझ्याकडे वाचणारं कोण हाय?" मग थोडं थांबून तो म्हणाला, "तुम्ही तेव्हाच मोठ्यानं नाय म्हणायचं ना, मामा."

ताई नाही. घरात मी आहे आणि गोठ्यात घोडी आहे. नात सुट्टीला आली की सकाळी तिच्यावर बसून फेरी मारून येते, एरवी मी लगाम धरून तिला तानशाच्या रस्त्याने चालवून आणतो. पाणी आता मीच ओततो. मग पंखा फिरवतो. गोणपाटाच्या झग्याचा उरलेला तुकडा दारात पायपुसणं म्हणून आहे.